सांगकाम्या आणि तोतया

मराठी विकिपीडियावर बॉटला 'सांगकाम्या' म्हणतात. हा शब्द ज्याला कोणाला पहिल्यांदा सुचला त्याला मी मनातल्या मनात अनेकदा दाद दिली आहे. तंत्रज्ञानासाठी मराठी शब्द शोधायचा म्हटलं की आपल्याकडे संस्कृतच्या कोठारातून काहीतरी जडशीळ बाहेर काढतात, आणि मग तो शब्द परिपत्रकापलीकडे कुठे दिसत नाही. सांगकाम्या मात्र घरातलाच. सांगितलं तेवढंच करणारा, स्वतःचं डोकं न चालवणारा, आणि 'तूच सांगितलंस ना' असं म्हणून मालकाला तोंडघशी पाडणारा गोष्टीतला गडी. मी पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहितो. बॉट म्हणजे काय याची यापेक्षा नेमकी व्याख्या मला एकाही पुस्तकात मिळालेली नाही.

'बॉट' हे 'रोबोट'चं शेपूट. रोबोट हा शब्द जगाला दिला कारेल चापेक या चेक नाटककाराने, १९२० साली लिहिलेल्या नाटकातून, आणि तो काढला 'रोबोटा' या शब्दावरून. रोबोटा म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची सक्ती. म्हणजे मूळ चेक शब्दात वेठबिगार आहे आणि मराठी शब्दात सांगकाम्या. दोघांनाही मालक आहे, हे दोन्ही शब्दांनी गृहीत धरलंय. आज समाजमाध्यमांवरच्या बॉटविषयी बोलताना नेमकी हीच गोष्ट आपण विसरतो. बॉट 'आले', बॉटनी 'पसरवलं', बॉटनी 'ट्रेंड केलं'. जणू टोळधाड आहे. टोळांना मालक नसतो.

या लेखात मला आणखी एक मराठी शब्द लागणार आहे, तोही पुण्याच्या इतिहासातून आलेला: तोतया. सांगकाम्या आणि तोतया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दुसऱ्याचं काम करतो, दुसरा दुसऱ्याचं नाव घेतो. विकिपीडियावरचा सांगकाम्या तोतया नसतो. आपण बॉट आहोत हे तो स्वतःच्या पानावर लिहितो, आपला चालक कोण तेही लिहितो, समुदायाची परवानगी घेऊन कामाला लागतो. ट्विटरवरचा (आता एक्स, पण कसब्यातल्या वाड्यांची नावं मालक बदलले तरी बदलत नाहीत, तसं माझंही) बदनाम झालेला बॉट हा सांगकाम्या असून तोतयाचं सोंग घेतलेला असतो. यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे येते? बराच काळ कुठेच येत नव्हती. हा इतिहास थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

जोसेफ वायझेनबॉम या एमआयटीतल्या प्राध्यापकाने १९६६ साली 'एलायझा' नावाच्या प्रोग्रामचं वर्णन प्रसिद्ध केलं. संगणकाशी टंकलेखन यंत्रावरून गप्पा मारायच्या, आणि संगणक मानसोपचारतज्ज्ञासारखा बोलायचा. आतली युक्ती अगदी साधी. वाक्यात ठरावीक शब्द सापडला की वाक्याचे तुकडे करायचे, 'मी'चा 'तुम्ही' करायचा, आणि तेच वाक्य प्रश्न म्हणून परत करायचं. काहीच सापडलं नाही तर 'पुढे बोला' म्हणायचं. वायझेनबॉमला यातून यंत्राशी संवाद किती उथळ असतो ते दाखवायचं होतं. घडलं उलटंच. हा प्रोग्राम बनताना महिनोन्महिने पाहिलेली त्याची स्वतःची सेक्रेटरी एकदा एलायझाशी बोलायला बसली, आणि दोनचार वाक्यांतच तिने त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. खासगी बोलायचं होतं. या प्रसंगाने तो हादरला आणि उरलेलं आयुष्य त्याने संगणकाच्या मर्यादांवर लिहिण्यात घालवलं.

एलायझा मराठीत करून पाहायचा उद्योग मी एका सुट्टीत केला होता. इंग्रजीत चारपाच सर्वनामं उलटी केली की भागतं. मराठीत 'मी कंटाळलेय' एवढ्या दोन शब्दांना उलटं करायचं तर आधी ठरवावं लागतं की समोरच्या बाईला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'. 'तू का कंटाळली आहेस?' असं अनोळखी यंत्राने विचारलेलं पुण्यात कोणी खपवून घेणार नाही. 'तुम्ही' म्हटलं तर क्रियापद वेगळं. 'मला' आणि 'माझ्याच्याने' यांचं काय करायचं ते वेगळंच. विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात, सामान्यरूप होतं, आणि तुकडे जोडून केलेलं वाक्य लगेच खडबडीत वाटतं. याचा एक फायदा असा, की मराठी पुष्कळ वर्षं तोतयांपासून सुरक्षित राहिली. व्याकरणाने केलेला हा पहारा कधी उठला ते पुढे येईल.

एलायझानंतर १९७२ मध्ये स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बीने 'पॅरी' बनवला. हा संशयग्रस्त रुग्णासारखा बोलायचा. त्याच वर्षी अर्पानेट या इंटरनेटच्या आजोबांवरून पॅरी आणि मानसोपचारतज्ज्ञाचं सोंग घेतलेला प्रोग्राम यांची भेट घडवली, आणि तो संवाद १९७३ साली इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत छापलाही गेला. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतायत, एक डॉक्टर म्हणून आणि एक रोगी म्हणून, आणि दोघांनाही कशाचाच पत्ता नाही. आज एखाद्या राजकीय पोस्टखालचं भांडण वाचताना मला या संवादाची हटकून आठवण होते.

इथून पुढे दोन वाटा फुटल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेची वाट प्रयोगशाळांतून गेली: बुद्धिबळ, भाषांतर, तज्ज्ञ-प्रणाली. बॉटची वाट गेली माजघरातून. गप्पांच्या खोल्यांत शिवीगाळ करणाऱ्याला हाकलून देणारे बॉट, संकेतस्थळांच्या पानांची यादी करत फिरणारे बॉट. यांच्यात बुद्धिमत्ता नावालाही नव्हती. २००२ साली इंग्रजी विकिपीडियावर एका बॉटने अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे उचलून तीस हजारांच्या आसपास गावांचे लेख काही दिवसांत तयार केले. लोकसंख्या इतकी, क्षेत्रफळ इतकं, सरासरी उत्पन्न इतकं. साच्यात पीठ घालायचं आणि चकली पाडायची. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि तिथेही सांगकाम्यांनी बरीच वर्षं मुख्यतः एक कंटाळवाणं काम केलं: मराठी लेखाला इतर भाषांतल्या त्याच विषयाच्या लेखांशी जोडणं. २०१३ मध्ये विकिडेटामुळे हे दुवे एका जागी ठेवायची सोय झाली, आणि हे सांगकाम्ये एका फटक्यात बेकार झाले. कोणी मोर्चा काढला नाही.

मग ट्विटर आलं, २००६ साली. ट्विटरने बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी दार उघडं ठेवलं होतं. दहावीस ओळींचा प्रोग्राम लिहिला की दर तासाला काहीतरी लिहिणारं खातं तयार. भूकंपाची सूचना देणारे, पावसाचे आकडे सांगणारे, जुनी चित्रं दाखवणारे असे कितीतरी गुणी बॉट त्या काळात होते. पण दार उघडं असलं की भुरटेही येतात. एकाच माणसाची शंभर खाती, शंभरांनी एकच मजकूर पुढे पाठवायचा, आणि ट्रेंडच्या यादीत यायचं.

इथे कसब्यातली एक जुनी गोष्ट आठवते. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात मुक्काम ठोकलेल्या शाहिस्तेखानावर छापा पडला, तेव्हा काही मावळे लग्नाच्या वऱ्हाडाच्या मिषाने शहरात शिरले असं सांगतात. यातला व्यवहार लक्षात घेण्यासारखा आहे. एकटा अनोळखी माणूस वेशीवर अडवला जातो. वऱ्हाडाला कोणी अडवत नाही. एवढे लोक वाजतगाजत येतायत म्हणजे लग्न असणारच. बॉटजाळ्याचं सगळं तंत्र या एका वाक्यात आहे. एका खोट्या खात्याने काही साधत नाही. वऱ्हाड लागतं.

वऱ्हाड ओळखायचं कसं? या प्रश्नावर गेल्या दहाबारा वर्षांत भरपूर संशोधन झालं. इंडियाना विद्यापीठाचं, २०१४ मध्ये आलेलं आणि पुढे 'बोटोमीटर' म्हणून ओळखलं गेलेलं साधन त्यातलं सर्वांत माहितीचं. खात्याचा जन्म कधीचा, नावापुढे आकड्यांची शेपटी आहे का, किती जणांच्या मागे हा आणि याच्या मागे किती जण, झोपतो कधी, दोन पोस्टमधलं अंतर किती नियमित. यातलं शेवटचं लक्षण मला फार जवळचं वाटतं, कारण मी राहतो तिथून तांबट आळी दोन वळणांवर आहे. हातोडीने तांब्याच्या भांड्यावर एकसारख्या खळ्या पाडतात त्याला मठारकाम म्हणतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक ठोका किंचित वेगळा असतो, तीच हाताची खूण. यंत्राची खळी एकाला एक झाकावी आणि दुसरी काढावी अशी. पहिल्या पिढीतले बॉट असेच पकडले गेले: बरोबर दर पंधरा मिनिटांनी पोस्ट, रात्रंदिवस, सहा महिने. मग बॉट लिहिणाऱ्यांनी मधल्या वेळात मुद्दाम कमीजास्त करायला सुरुवात केली, रात्री झोपायला लावलं, अधूनमधून 'शुभ सकाळ' म्हणायला लावलं. बाजारात हल्ली यंत्रावर पाडलेल्या पण हातच्या भासणाऱ्या खळ्यांच्या बाटल्या मिळतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि याच्या उलट अडचण अशी, की चांगल्या तांबटाचा ठोका यंत्राइतका नेमका पडतो. माणसंसुद्धा बॉटसारखी वागतात. अनंत चतुर्दशीच्या सकाळी मंडईपासून मानाचा पहिला कसबा गणपती निघतो त्या तासाभरात 'गणपती बाप्पा मोरया' हेच तीन शब्द किती हजार खात्यांवरून येत असतील? मजकूर तोच, वेळ तीच, खात्यांचा एकमेकांशी संबंध नाही. कॅलिफोर्नियात बसून आकडे पाहणाऱ्याला हे जाळं वाटेल.

तसंच २०२३च्या कसबा पोटनिवडणुकीचं. आमदार मुक्ता टिळक यांचं डिसेंबर २०२२ मध्ये निधन झालं, २६ फेब्रुवारीला मतदान झालं, २ मार्चला निकाल लागला. प्रचारात भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांविषयी 'हू इज धंगेकर?' असा सवाल केला होता. धंगेकर निवडून आले आणि मग तीनच शब्दांचा तो प्रश्न आणि त्याची उत्तरं यांचा मोबाइलवर पाऊस पडला. पेठेतल्या माणसाला कोणी बॉट लागत नाही टोमणा पुढे पाठवायला. तो इथला कुटीरोद्योग आहे. (पुढच्याच वर्षी, २०२४ च्या विधानसभेला, त्याच मतदारसंघाने त्याच धंगेकरांना पाडून हेमंत रासनेंना निवडून दिलं. त्यामुळे मोबाइलवरच्या पावसावरून मताचा अंदाज बांधू नये हेही कळलं.)

आता याच्या पुढची पायरी. माणसं नुसती बॉटसारखी दिसत नाहीत, त्यांना बॉटसारखं वापरलंही जातं. भारतातल्या राजकीय ट्रेंडचा मोठा भाग प्रोग्रामने नव्हे तर कार्यकर्त्यांनी चालतो. एका सामायिक दस्तऐवजात तयार मजकुरांची यादी असते, ठरल्या वेळी प्रत्येकाने एकेक उचलायचा आणि हॅशटॅगसकट चिकटवायचा. पक्ष कोणताही असो, पद्धत हीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये आल्ट न्यूजच्या प्रतीक सिन्हा यांना भाजपच्या प्रचाराचा असा एक दस्तऐवज उघडाच सापडला. त्यांनी त्यातला मजकूर गंमत म्हणून बदलला. थोड्या वेळात बदललेला मजकूर जसाच्या तसा झळकू लागला, अगदी एका केंद्रीय मंत्र्यांच्या खात्यावरूनसुद्धा. मध्यमवर्गासाठी काम करणं आमच्या यादीत सगळ्यात खाली आहे, अशा अर्थाचं काहीतरी मंत्रिमहोदय सांगत होते. प्रोग्रामने हेच केलं असतं तर आपण त्याला 'बॉट बिघडला' म्हटलं असतं. इथे हाडामांसाचे सांगकाम्ये होते. रशियाच्या ज्या प्रचारयंत्रणेचा २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या संदर्भात एवढा गाजावाजा झाला, तिथेही सेंट पीटर्सबर्गच्या एका इमारतीत पगारी माणसं पाळ्या लावून लिहीत बसली होती. ट्विटरने जानेवारी २०१८ मध्ये त्या संस्थेची ३,८१४ खाती मोजली, आणि रशियाशी संबंधित पन्नास हजारांवर स्वयंचलित खाती वेगळी मोजली. चर्चेत मात्र सगळ्यांचा मिळून एकच शब्द झाला: बॉट.

अठराव्या शतकात, १७७० साली, व्हिएन्नात वोल्फगांग फॉन केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारं यंत्र दाखवलं होतं. पगडी घातलेला तुर्क पटासमोर बसून भल्याभल्यांना हरवायचा. आत पेटीत एक हाडामांसाचा बुद्धिबळपटू दडलेला असे. तेव्हा यंत्राच्या आत माणूस लपवत होते. आपण माणसाच्या चेहऱ्याआड यंत्र लपवतो, आणि पुष्कळदा त्या यंत्राच्या आडही पुन्हा पगारी माणूस.

ही सरमिसळ महाराष्ट्राने अगदी जवळून पाहिली ती २०२० मध्ये. १४ जूनला सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला. टाळेबंदी होती, लोक घरात होते, हातात मोबाइल होता. पुढचे चार महिने मुंबई पोलिसांविरुद्ध जे चाललं ते आठवत असेल. ऑक्टोबरमध्ये पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी सांगितलं की पोलिसांना बदनाम करण्यासाठी ८० हजारांहून अधिक खोटी खाती उघडली गेली, आणि त्यांतली काही पोस्ट परदेशांतून, परदेशी भाषांत आली. आकडा मोठा होता, मथळे झाले. पण खोटं खातं म्हणजे काय? नाव न सांगणारा खरा माणूस, एकाच माणसाची दहा खाती, विकत घेतलेले फॉलोअर, आणि प्रोग्रामने चालणारं खातं, या चार निराळ्या जाती आहेत. ८० हजारांत कोण किती हे वेगळं केल्याशिवाय त्या आकड्यातून कट सिद्ध होत नाही. कट नव्हता असंही सिद्ध होत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या गुन्हे शाखेने एका पार्श्वगायिकेच्या नावे उघडलेल्या तोतया खात्याच्या तक्रारीवरून फॉलोअर विकणाऱ्यांचा धंदा उघडकीला आणला होता. म्हणजे बाजार होता, माल होता, गिऱ्हाईक होतं. तरीही त्या चार महिन्यांत रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बसून एका बाईला गुन्हेगार ठरवणारे लोक बॉट नव्हते. ते आपल्याच सोसायटीतले होते.

आता तोतयाकडे वळतो, कारण हा मुद्दा अडीचशे वर्षांपूर्वी इथेच, शनिवारवाड्याच्या परिसरात, फार मोठी किंमत देऊन लक्षात आला होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण डोळ्यांदेखत पडलेले पाहणारं विश्वासाचं माणूस परत आलं नाही, आणि भाऊ जिवंत आहेत ही वदंता उठली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य स्वीकारलंच नाही. मग सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून प्रगटला. पुण्यात आणून त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला, कैदेत पडला, आणि शेवटी रत्नागिरीला ठेवला गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १७७६ मध्ये त्याला ज्यांच्या ताब्यात ठेवलं होतं त्या रामचंद्र नाईक परांजप्यांनीच त्याला मोकळं केलं आणि भाऊ म्हणून उभं केलं. बघता बघता कोकणातले बरेच किल्ले त्याच्या हाती आले, हजारोंची फौज जमली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, तो पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्यात पुन्हा पंच बसले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावरचं.

एकदा जाहीरपणे खोटा ठरलेला माणूस काही वर्षांनी फौज कशी उभी करतो? चेहऱ्याच्या सारखेपणाने नव्हे. १७७३ मध्ये नारायणरावाचा वाड्यातच खून झालेला, गादीवर दोन वर्षांचं मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले, कारभार बारभाईंचा. या सगळ्याला विटलेल्या लोकांना, आणि कारभाऱ्यांवर खार खाऊन असलेल्या सरदारांना, भाऊ परत यायला हवे होते. तोतयाला लोकांनी ओळखलं नाही असं म्हणण्यापेक्षा, पुष्कळांना ओळखायचंच नव्हतं असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

मार्च २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या तीन संशोधकांचा निबंध आला. ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या, त्या पसरवणारी तीसेक लाख माणसं. खोटी बातमी खरीपेक्षा पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त निघाली. मग त्यांनी बॉट वगळून पुन्हा गणित केलं. निष्कर्ष तसाच राहिला. बॉट खरं-खोटं दोन्ही सारख्याच गतीने वाढवत होते. फरक पाडत होती माणसं.

त्यानंतर चारच महिन्यांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात रईनपाड्याच्या आठवडी बाजारात पाच जणांना ठेचून मारलं गेलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत होते. यात एकही बॉट नव्हता, कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, ट्रेंडची यादी नव्हती. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला काळजीपोटी पाठवलेला निरोप होता. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एक लक्षात घ्या, हा उपाय बॉटवरचा नाही. माणूस यंत्रासारखा वागू लागला म्हणून त्याच्या हाताला लावलेला हा लगाम आहे.

मी ज्या व्यवसायात आहे तिथे अशा प्रश्नाला 'शोधणारं मॉडेल बनवू' हे उत्तर तयार असतं. आणि त्या दिशेने मराठीत खरोखर चांगलं काम झालंय, तेही बरंचसं पुण्यात. एल-थ्री-क्यूब या गटाने, पीआयसीटीच्या विद्यार्थ्यांना घेऊन, २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीटचा भावनांनुसार वर्गीकरण केलेला संच काढला, पुढच्या वर्षी द्वेषमूलक मजकुराचा २५ हजारांहून मोठा संच काढला, मराठीसाठी 'महाबर्ट' हे भाषेचं मॉडेल मोकळं केलं. मराठीतली कुजकी वाक्यं एकेक वाचून, ही शिवी, हा द्वेष, हा नुसता खवचटपणा अशी वर्गवारी हाताने करणं किती मनस्तापाचं असेल याची कल्पना करा. पण हे सगळं काय म्हटलंय ते ओळखतं. कोण म्हणतंय ते ओळखत नाही.

बॉटची माजघरातली वाट आणि बुद्धिमत्तेची प्रयोगशाळेतली वाट पुन्हा ठळकपणे एकत्र आल्या त्या मार्च २०१६ मध्ये. मायक्रोसॉफ्टने 'टे' नावाची, लोकांशी बोलून शिकणारी पोरगी ट्विटरवर सोडली. लोकांनी तिला ठरवून घाण शिकवली, ती नाझींचे गोडवे गाऊ लागली, आणि सोळा तासांच्या आत तिला गप्प करावं लागलं. तिने केलं काय? सांगितलं तेच. फक्त सांगणारे हजारो होते आणि मालक एक.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि मराठीवरचा व्याकरणाचा पहारा हळूहळू उठत गेला. गूगलच्या भाषांतरात मराठी आली २०१३ मध्ये, आणि त्या काळातलं यंत्राचं मराठी पाहून कोणीही फसलं नसतं. लिंगवचनाचा मेळ नसायचा, सामान्यरूप गायब. खोटं खातं ओळखायला 'मला तुम्हाला सांगायचे आहे की' छापाचं एक वाक्य पुरायचं. आता यंत्र 'अहो' आणि 'अगं' जागच्या जागी वापरतं, 'तू'चं 'तुम्ही' करताना अडखळत नाही. उलट झालंय असं, की ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आणि अर्धवट टाकलेलं वाक्य ही माणसाची खूण ठरू लागली आहे. शंभर खात्यांवरून एकच मजकूर चिकटवण्याची गरजही उरली नाही. एकच म्हणणं शंभर वेगळ्या शब्दांत, वऱ्हाडी बोलीत, मालवणीत, शंभर वेगळ्या माणसांचं म्हणून लिहून मिळतं. मजकुराच्या सारखेपणावर उभी असलेली ओळखण्याची साधनं त्यामुळे लंगडी पडतात. आणि बाहेरून आकडे तपासणारे संशोधकही कमी झाले, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने फुकटचं दार बंद करायचं जाहीर केलं. पावसाचे आकडे सांगणारे अनेक गुणी सांगकाम्ये त्यात गेले. ज्यांच्या मागे पैसे देणारा मालक होता, त्यांना दाराची फी परवडली.

आता नवीन प्रकार रुळलाय. एक्सवर कोणी काही टाकलं की खाली हमखास कोणीतरी विचारतं: ग्रोक, हे खरं आहे का? मराठीत, हिंदीत, जमेल तसं. ग्रोक हा त्याच कंपनीचा बॉट, उघडपणे बॉट म्हणवणारा, तोतया नसलेला सांगकाम्या. मार्च २०२५ मध्ये तो हिंदीत शिव्यांसकट उत्तरं देतो म्हणून भारतात डोक्यावर घेतला गेला. दोन महिन्यांनी, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, लोक त्याला चित्रफिती दाखवून खरं-खोटं विचारत होते, आणि सुदानमधल्या खार्टुम विमानतळाची जुनी फीत त्याने पाकिस्तानच्या नूर खान तळावरचा क्षेपणास्त्रहल्ला म्हणून सांगितली. त्याच महिन्यात तो कोणत्याही प्रश्नाला दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या कथित वंशसंहाराचं उत्तर देऊ लागला. कंपनीने खुलासा केला की कोणीतरी परवानगीशिवाय त्याच्या सूचना बदलल्या होत्या. सामायिक दस्तऐवजातला मजकूर बदलल्यावर मंत्र्यांच्या खात्याचं जे झालं, तेच. १७७६ मध्ये पुण्यात पंच बसले तेव्हा भाऊंना ओळखणारी माणसं अजून जिवंत होती. त्यांना समोर बसवून विचारता आलं.